जनुकांची कलमे : पॉल बर्ग यांचे संशोधन आणि त्यांनी स्वतःहून घेतलेला विराम

आंब्याची कोय रुजवून वाढविलेल्या झाडाला मूळ झाडासारखेच फळ लागेल, अशी हमी कोणताही जाणता बागायतदार देत नाही. म्हणूनच गोव्यात मानकुरादाची आणि कोकणात हापूसची लागवड कलमांनी केली जाते. रायवळ आंब्याच्या रोपावर जातिवंत झाडाची डहाळी बांधली, की काही काळाने दोहोंचा सांधा जुळतो आणि पुढे त्या डहाळीला तिच्याच जातीचे फळ येते. मात्र या कलमात एक मर्यादा असते. खुंट रायवळच राहतो आणि डहाळी मानकुरादाचीच राहते. दोन झाडे एका खोडावर नांदतात, परंतु एकाचा आनुवंशिक गुण दुसऱ्याच्या पेशीत उतरत नाही.

मग असे कलम थेट आनुवंशिक द्रव्यातच बांधता येईल काय? एका सजीवाचा गुण दुसऱ्या, त्याच्याशी कोणतेही नाते नसलेल्या सजीवाच्या द्रव्यात जोडता येईल काय? या प्रश्नाचे होकारार्थी उत्तर 1972 साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मिळाले. ते देणाऱ्या संशोधकांचे प्रमुख होते जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. पॉल बर्ग. या कार्याबद्दल 1980 साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु बर्ग यांचे नाव आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्याजोगे आहे. स्वतःच्याच शोधाचे पुढचे पाऊल टाकण्याची वेळ आली, तेव्हा ते थांबले, आणि इतरांनाही त्यांनी थांबण्याची विनंती केली. हा शोध आणि हा विराम, या दोहोंचा परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आनुवंशिकतेचे दप्तर

सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते. पेशीच्या केंद्रकात जे आम्लधर्मी द्रव्य असते, त्याचा शोध 1869 साली फ्रीडरिख मीशर या स्विस शास्त्रज्ञाला लागला. त्याने ते रुग्णालयातील जखमांच्या पट्ट्यांवरील पुवातून वेगळे केले होते. या द्रव्यालाच आज आपण डी.एन.ए. म्हणतो. आनुवंशिक गुण याच द्रव्यातून संक्रमित होतात, हे 1944 साली ऑस्वाल्ड ॲव्हरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंवरील प्रयोगांतून दाखविले. 1953 साली जेम्स वॉटसन व फ्रान्सिस क्रिक यांनी त्याची रचना उलगडली. त्यासाठी रोझलिंड फ्रँकलिन यांनी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांचा मोलाचा उपयोग झाला.

ही रचना पीळ दिलेल्या दोरीच्या शिडीसारखी आहे. शिडीच्या पायऱ्या चार प्रकारच्या घटकांच्या जोड्यांनी बनतात. ॲडेनिन, थायमिन, ग्वानिन आणि सायटोसिन ही त्यांची नावे. यांत ॲडेनिनची जोडी थायमिनशीच जमते आणि ग्वानिनची सायटोसिनशीच. त्यामुळे शिडीची एक बाजू ठाऊक असली, की दुसरी बाजू कशी असेल हे निश्चितपणे सांगता येते. पेशीचे विभाजन होताना शिडी मधोमध उकलते आणि प्रत्येक बाजू आपली जोडीदार बाजू नव्याने तयार करून घेते.

शासकीय कामकाजाशी परिचय असलेल्या वाचकांना एक उपमा सहज पटेल. डी.एन.ए. हे पेशीचे मूळ दप्तर होय. चार घटक ही त्याची चार अक्षरे आणि एका विशिष्ट कामाची संपूर्ण नोंद म्हणजे एक जनुक. प्रत्यक्ष काम चालते ते या दप्तरातून काढलेल्या नकलेवरून. ही नक्कल म्हणजे आर.एन.ए. आणि तिच्यातील आज्ञेबरहुकूम घडविली जाणारी वस्तू म्हणजे प्रथिन. रक्तातील हीमोग्लोबिन हे प्रथिन आहे, साखरेचे नियमन करणारे इन्शुलिन हेही प्रथिनच. मूळ दप्तरात एक अक्षर चुकले, तर प्रत्येक नकलेत ती चूक उतरते. सिकल सेल या रक्तविकाराचे मूळ अशाच एका अक्षराच्या बदलात आहे.

निसर्गातील पुनर्संयोजन

या दप्तराची पाने निसर्ग स्वतःही फिरवीत असतो. आपल्या प्रत्येक गुणसूत्राची जोडी असते. त्यांतील एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेले असते. बीजपेशी तयार होताना ही दोन गुणसूत्रे एकमेकांजवळ येतात, काही ठिकाणी तुटतात आणि आपापले तुकडे अदलाबदल करून पुन्हा जुळतात. यालाच आनुवंशिक पुनर्संयोजन म्हणतात. एकाच आईबापांच्या चार भावंडांचे चेहरे एकाच घरचे असूनही सारखे का नसतात, याचे एक कारण येथे सापडते. 1931 साली हॅरिएट क्रेटन व बार्बरा मॅक्लिंटॉक या दोन महिला संशोधकांनी मक्याच्या कणसांचा अभ्यास करून असे दाखविले, की गुणांची अदलाबदल होते तेव्हा गुणसूत्रांचे तुकडेही खरोखरच बदललेले असतात. जिवाणूदेखील आपसांत जनुकांची देवघेव करतात, हे 1946 साली जोशुआ लेडरबर्ग व एडवर्ड टेटम यांनी सिद्ध केले.

परंतु निसर्गातील ही देवघेव बहुतांशी नात्यातल्या नात्यात चालते. मक्याची मक्याशी, माणसाची माणसाशी. जिवाणू व विषाणू यांच्या जगात थोडी मोकळीक आहे, तथापि तेथेही मर्यादा आहेतच. रसायनशास्त्रज्ञाची दृष्टी मात्र येथे वेगळी पडते. त्याच्या लेखी माकडातील विषाणूचा डी.एन.ए. आणि आतड्यातील जिवाणूचा डी.एन.ए. हे एकाच जातीचे रसायन आहे. चार अक्षरे तीच, जोड्या जमण्याचा नियमही तोच. मग त्यांची टोके योग्य रीतीने तयार केली, तर ती एकमेकांना का जुळू नयेत? बर्ग यांच्या संशोधनाचा उगम या विचारात आहे.

भांडारातील शिक्षिका

पॉल बर्ग यांचा जन्म 30 जून 1926 रोजी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात एका स्थलांतरित ज्यू कुटुंबात झाला. तेथील अब्राहम लिंकन हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. या शाळेत सोफी वुल्फ नावाच्या एक बाई होत्या. विज्ञानाच्या वर्गांना लागणारे साहित्य पुरविण्याचे भांडार त्यांच्याकडे सोपविलेले होते. तेवढ्यावर न थांबता शाळा सुटल्यावर त्या मुलांचे विज्ञान मंडळ चालवीत. मुलांनी प्रश्न विचारला, की बाई क्वचितच थेट उत्तर देत. ग्रंथालयात शोधा, प्रयोग करून पाहा, असे त्या सुचवीत. बर्ग यांनी पुढे आपल्या आत्मवृत्तात या बाईंचे ऋण मनापासून मान्य केले आहे. स्वतः शोधून काढलेल्या उत्तराचा आनंद त्यांना तेथे प्रथम लाभला.

आमच्या शिक्षकबांधवांनी विशेष लक्ष द्यावे अशी गोष्ट पुढेच आहे. याच शाळेतून बाहेर पडलेल्या तीन विद्यार्थ्यांनी नोबेल पारितोषिके मिळविली. आर्थर कोर्नबर्ग यांना 1959 साली, बर्ग यांना 1980 साली आणि जेरोम कार्ल यांना 1985 साली. साहित्याच्या भांडारावर देखरेख करणारी एक व्यक्ती मुलांच्या मनात केवढी जिज्ञासा जागवू शकते, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बर्ग यांनी नौदलात सेवा केली. 1948 साली पेनसिल्व्हेनिया स्टेट येथून त्यांनी पदवी घेतली आणि 1952 साली वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठातून डॉक्टरेट मिळविली. नंतर कोपनहेगन येथे हर्मन कॅल्कार यांच्याकडे आणि सेंट लुईस येथे आर्थर कोर्नबर्ग यांच्याकडे त्यांनी काम केले. एकाच शाळेचे हे दोन विद्यार्थी गुरुशिष्याच्या नात्याने पुन्हा एकत्र आले, हा एक सुखद योग होय. 1959 साली दोघेही स्टॅनफर्ड येथे आले. तोपर्यंत प्रथिने घडताना त्यांचे घटक, म्हणजे अमिनो आम्ले, जोडणीसाठी कशी सज्ज होतात, या विषयावरील कार्याने बर्ग यांची ख्याती झाली होती.

1972 चा प्रयोग

जिवाणूंवर हल्ला करणारे काही विषाणू एका जिवाणूची जनुके उचलून दुसऱ्या जिवाणूत नेऊन सोडतात. सस्तन प्राण्यांच्या पेशीत नवी जनुके नेण्यासाठी असा एखादा वाहक मिळेल काय, याचा विचार बर्ग करीत होते. त्यासाठी त्यांनी एसव्ही 40 हा माकडांतील विषाणू निवडला. त्याचा डी.एन.ए. सुमारे 5 हजार 200 अक्षरजोड्यांचा, बांगडीसारखा वर्तुळाकार आणि आटोपशीर असतो. दुसरा डी.एन.ए. होता लॅम्डा या जिवाणुभक्षक विषाणूचा, आणि त्यात ई. कोलाय या जिवाणूची गॅलॅक्टोज नामक शर्करा पचविणारी जनुके समाविष्ट होती. डेव्हिड जॅक्सन व रॉबर्ट सिमन्स हे बर्ग यांचे या कामातील सहकारी होते.

कापणे, शेपूट जोडणे, जुळविणे आणि सांधणे अशा चार पायऱ्यांत या प्रयोगाचे वर्णन करता येईल. ही सर्व कामे विकरांकडून, म्हणजे एन्झाइमांकडून, करवून घेतली जातात. विकरे ही सजीवांच्या पेशीतील प्रथिनरूप हत्यारेच होत.

प्रथम इको आर-वन या विकराने दोन्ही वर्तुळे एकेका ठिकाणी कापली गेली. बांगडी फोडावी तसे वर्तुळाचे सरळ कांब झाले. डी.एन.ए.ची ठरावीक अक्षरे ओळखून नेमक्या जागी कापणारी अशी विकरे जिवाणूंमध्ये आढळतात. आक्रमक विषाणूंचा डी.एन.ए. तोडून टाकण्यासाठी जिवाणू त्यांचा वापर करतात. या विकरांच्या शोधाबद्दल व उपयोगाबद्दल वेर्नर आर्बर, हॅमिल्टन स्मिथ व डॅनियल नेथन्स यांना 1978 साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

दुसऱ्या पायरीत एका डी.एन.ए.च्या दोन्ही टोकांना ॲडेनिनची लांब शेपूट जोडण्यात आली आणि दुसऱ्याच्या टोकांना थायमिनची. या युक्तीमागील विचार मोठा मार्मिक आहे. ॲडेनिनची जोडी ॲडेनिनशी जमत नाही. त्यामुळे ॲडेनिनची शेपूट असलेला तुकडा स्वतःच्याच दुसऱ्या टोकाला चिकटून पुन्हा वर्तुळ होण्याची भीती राहत नाही. त्याला जुळायचे असेल, तर थायमिनची शेपूट असलेल्या परक्या तुकड्याशीच जुळावे लागते. सगोत्र विवाह टाळण्याची ही रासायनिक योजनाच म्हणावयाची.

तिसऱ्या पायरीत दोन्ही द्रव्ये एकत्र केली असता शेपट्या परस्परांना बिलगल्या. शेवटी एका विकराने राहिलेल्या फटी नवी अक्षरे घालून भरल्या आणि लायगेज या विकराने सांधे पक्के केले. दोन भिन्न मुळांच्या डी.एन.ए.चे एकच अखंड वर्तुळ तयार झाले. हा शोधनिबंध ऑक्टोबर 1972 मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुनर्संयोजित डी.एन.ए. या नावाने पुढे जगभर पसरलेल्या तंत्राचा पाया येथे घातला गेला. स्टॅनफर्डमधीलच पीटर लोबन या विद्यार्थ्याच्या मनात अशीच युक्ती स्वतंत्रपणे आली होती, हेही येथे नमूद करणे न्यायाचे ठरेल.

एक दूरध्वनी आणि एक निर्णय

परीक्षानळीत घडविलेले वर्तुळ जिवंत पेशीत घालणे, ही यापुढची स्वाभाविक पायरी होती. हा संकर ई. कोलाय जिवाणूत सोडला, तर जिवाणूंच्या वाढीबरोबर त्याच्याही असंख्य प्रती मिळणार होत्या. बर्ग यांच्या प्रयोगशाळेतील जॅनेट मर्ट्झ या विद्यार्थिनीकडे हे काम होते. 1971 च्या उन्हाळ्यात, म्हणजे वरील शोधनिबंध प्रसिद्ध होण्यापूर्वीच, कोल्ड स्प्रिंग हार्बर येथील एका अभ्यासवर्गात तिने या योजनेविषयी सांगितले. तेथील रॉबर्ट पोलॅक हे शास्त्रज्ञ ते ऐकून अस्वस्थ झाले आणि त्यांनी थेट बर्ग यांना दूरध्वनी केला.

त्यांच्या अस्वस्थतेचे कारण असे होते. एसव्ही 40 हा विषाणू उंदरासारख्या हॅमस्टर या प्राण्यात गाठी निर्माण करतो, हे ज्ञात होते. ई. कोलाय हा जिवाणू तर माणसाच्या आतड्यातील नित्याचा रहिवासी. गाठी निर्माण करणाऱ्या विषाणूची जनुके बाळगणारा जिवाणू प्रयोगशाळेतून बाहेर पडला आणि माणसांच्या आतड्यात वस्ती करून राहिला, तर काय होईल? असे होईलच, असे कोणी म्हणत नव्हते. परंतु असे होणारच नाही, अशी ग्वाहीही कोणाला देता येत नव्हती.

बर्ग यांना प्रारंभी ही हरकत रुचली नाही. आपल्या कामात बाहेरच्याने शंका काढावी, हे कोणालाही सहजी मानवत नाही. तथापि त्यांनी ती झिडकारून टाकली नाही. अनेक सहकाऱ्यांशी त्यांनी चर्चा केली. धोका अत्यल्प असेल, परंतु तो शून्य आहे असे आपण सांगू शकत नाही, या निष्कर्षावर ते आले. आणि संकरित डी.एन.ए. जिवाणूत घालण्याचा प्रयोग त्यांनी बाजूला ठेवला. कोणत्याही कायद्याने त्यांना अडविले नव्हते. वरिष्ठांचा आदेश नव्हता. शास्त्राच्या क्षेत्रात प्रथम क्रमांकाला केवढे महत्त्व असते, हे ध्यानी घेतले म्हणजे या निर्णयाचे मोल कळते.

हे पाऊल पुढे इतरांनी टाकले. 1973 साली स्टॅनली कोहेन व हर्बर्ट बॉयर यांनी, गाठींच्या विषाणूचा संबंध न आणता, प्लास्मिड नावाच्या जिवाणूंतील छोट्या वर्तुळांचा वाहक म्हणून उपयोग केला आणि जोडलेला डी.एन.ए. जिवाणूत वाढवून दाखविला. त्यांची रीत सोपी होती. अनेक प्रयोगशाळांना ती सहज उचलता येणार होती. साहजिकच काळजी वाढली. त्याच वर्षी जून महिन्यातील एका परिषदेनंतर शास्त्रज्ञांनी राष्ट्रीय विज्ञान अकादमीला पत्र पाठवून या प्रश्नाकडे लक्ष वेधले. अकादमीने विचारार्थ समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद बर्ग यांच्याकडे दिले.

जुलै 1974 मध्ये या समितीचे पत्र प्रसिद्ध झाले. त्यावर 11 शास्त्रज्ञांच्या स्वाक्षऱ्या होत्या, आणि त्यांत कोहेन व बॉयर हेही होते. प्रतिजैविक औषधांना दाद न देण्याचा गुण किंवा विष निर्माण करण्याचा गुण ज्या जिवाणूंत मुळात नाही त्यांच्यात तो घालणे, तसेच गाठी निर्माण करणाऱ्या विषाणूंची जनुके जिवाणूंत जोडणे, असे प्रयोग तूर्त कोणी करू नयेत, अशी जगभरच्या संशोधकांना त्यात विनंती होती. ज्यांच्या हाती ही विद्या होती, त्यांनीच ती काही काळ म्यान करून ठेवण्याचे आवाहन केले होते.

असिलोमार येथील परिषद

विराम कायमचा असू शकत नव्हता. पुढे कसे जावे, हे ठरविण्यासाठी 24 ते 27 फेब्रुवारी 1975 या काळात कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावरील असिलोमार येथे परिषद भरली. विविध देशांतील सुमारे 140 व्यक्ती तेथे एकत्र आल्या. शास्त्रज्ञांबरोबर कायदेपंडित होते, वृत्तपत्रांचे प्रतिनिधीही होते. सभा भरत असे ती तेथील प्रार्थनागृहात.

प्रारंभी मतभेद तीव्र होते. शास्त्रज्ञाच्या स्वातंत्र्यावर कोणतेही बंधन नको, असे म्हणणारे होते, आणि सावधगिरीचा आग्रह धरणारेही होते. प्रयोगशाळेतून काही अनर्थ ओढवला, तर त्याची कायदेशीर जबाबदारी कोणाची, हा प्रश्न कायदेपंडितांनी उभा केला तेव्हा अनेकांना वस्तुस्थितीची जाणीव झाली.

अखेरीस जो मार्ग निघाला तो व्यवहार्य होता. धोका जेवढा अधिक वाटतो, तेवढा बंदोबस्त अधिक, हे त्याचे सूत्र होते. बंदोबस्त दोन प्रकारचा. पहिला प्रयोगशाळेच्या रचनेचा, म्हणजे बंद कक्ष, हवा आत-बाहेर जाण्याचे नियंत्रण, निर्जंतुकीकरण. दुसरा जैविक. प्रयोगासाठी असे दुबळे जिवाणू वापरावयाचे, की जे प्रयोगशाळेबाहेर जगूच शकणार नाहीत. ही दुसरी कल्पना सिडनी ब्रेनर यांनी हिरिरीने मांडली. काही अतिधोकादायक प्रयोग मात्र तूर्त करूच नयेत, असे ठरले. या शिफारशींच्या आधारे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने जून 1976 मध्ये मार्गदर्शक नियम जाहीर केले. अनुभव वाढत गेला, कल्पिलेली संकटे प्रत्यक्षात उतरली नाहीत, तसतसे हे नियम पुढे शिथिल करण्यात आले.

या परिषदेवर टीकाही झाली, आणि ती निराधार नव्हती. चर्चा केवळ सुरक्षिततेपुरती मर्यादित ठेवण्यात आली होती. या विद्येचा युद्धात दुरुपयोग झाला तर काय, मानवाच्या आनुवंशिकतेत ढवळाढवळ करावी काय, हे प्रश्न विषयपत्रिकेवर नव्हते. शिवाय निर्णय शास्त्रज्ञांनीच घेतला होता. ज्यांच्या शेजारी प्रयोगशाळा उभ्या राहणार होत्या, त्या सामान्य नागरिकांना विचारले गेले नव्हते.

केंब्रिजचे नागरिक

ही उणीव अमेरिकेतीलच एका नगराने भरून काढली. मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज येथे हार्वर्ड विद्यापीठाने अशा संशोधनासाठी विशेष प्रयोगशाळा उभारण्याचे योजिले. 1976 च्या उन्हाळ्यात तेथील महापौर आल्फ्रेड वेलुची यांनी जाहीर सुनावणी घेतली. नगर परिषदेने काही काळ प्रयोग थांबविण्यास सांगितले आणि नागरिकांची एक समिती नेमली. समितीत डॉक्टर व परिचारिका होत्या, बांधकामाचे अभियंते होते, तेलाचा व्यवसाय करणारे एक माजी महापौरही होते. या विषयात संशोधन करणारा शास्त्रज्ञ त्यांत नव्हता.

या मंडळींनी अनेक महिने दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांची साक्ष ऐकली, प्रश्न विचारले, न समजलेले पुन्हा समजावून घेतले. जानेवारी 1977 मध्ये त्यांनी अहवाल दिला. संशोधन चालू द्यावे, परंतु राष्ट्रीय नियमांहूनही काही अधिक दक्षता घ्यावी, असे त्यांनी सुचविले. त्यानुसार नगर परिषदेने नियम केला. आज केंब्रिज हे जैवतंत्रज्ञानाचे जगातील एक अग्रगण्य केंद्र आहे. नीट समजावून सांगितले, तर अवघड शास्त्रीय प्रश्नावरही सामान्य नागरिक समतोल निर्णय देऊ शकतात, हे या घटनेने सिद्ध केले.

फलश्रुती आणि आपला देश

या तंत्राने वैद्यकात मोठे परिवर्तन घडविले. पूर्वी मधुमेहाच्या रुग्णांसाठी इन्शुलिन डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडांतून काढीत. 1978 साली मानवी इन्शुलिनची जनुके जिवाणूत घालून ते तयार करण्यात यश आले आणि 1982 साली अमेरिकेत हे औषध वापरास मंजूर झाले. कावीळ ब या रोगाची लसही याच मार्गाने, यीस्टच्या पेशींकडून तयार करून घेतात. आपल्या देशात अशी लस 1997 साली हैदराबाद येथे तयार होऊन बाजारात आली.

भारत सरकारने 1986 साली जैवतंत्रज्ञान विभाग स्थापन केला. त्याच वर्षीच्या पर्यावरण संरक्षण अधिनियमान्वये 1989 साली जनुकीय बदल केलेल्या सजीवांसंबंधीचे नियम करण्यात आले. या नियमांत संस्थेच्या पातळीपासून केंद्रापर्यंत समित्यांची योजना असून, आवश्यक तेथे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा समितीचीही तरतूद आहे. असिलोमारच्या प्रार्थनागृहात सुरू झालेला विचार अशा प्रकारे जिल्हा कचेरीपर्यंत येऊन पोहोचला आहे.

मार्च 2002 मध्ये बी.टी. कापसाला परवानगी मिळाली. मातीतील एका जिवाणूचे, बोंडअळीला मारक असे प्रथिन घडविणारे जनुक या कापसात घातलेले असते. सुरुवातीला फवारणीचा खर्च घटला. पुढे मात्र गुलाबी बोंडअळीने या प्रथिनाला दाद न देण्याची शक्ती मिळविली आणि 2017 साली विदर्भ-मराठवाड्यातील शेतकऱ्यांना त्याची झळ सोसावी लागली. बी.टी. वांग्याच्या बाबतीत वेगळे घडले. ऑक्टोबर 2009 मध्ये तज्ज्ञ समितीने अनुकूल मत दिल्यावर तत्कालीन पर्यावरण मंत्री श्री. जयराम रमेश यांनी नागपूर, हैदराबाद, अहमदाबाद यांसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या. शेतकरी, शास्त्रज्ञ, ग्राहक यांचे म्हणणे ऐकून 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी लागवडीस स्थगिती जाहीर केली. हा निर्णय योग्य की अयोग्य, याविषयी मतभेद आहेत. परंतु परवानगी असो वा स्थगिती, तिची कारणे लोकांसमोर उघडपणे मांडली जावीत, ही अपेक्षा आता रूढ झाली आहे.

बर्ग यांनी आपली भूमिका अखेरपर्यंत सोडली नाही. क्रिस्पर या नव्या तंत्रामुळे मानवी भ्रूणाच्या डी.एन.ए.त बदल करणे सुलभ होऊ लागले, तेव्हा 2015 साली सावधगिरीचे आवाहन करणाऱ्या निवेदनावर त्यांची स्वाक्षरी होती. त्याच तंत्रावर आधारलेला सिकल सेल विकारावरील उपचार 2023 साली ब्रिटन व अमेरिकेत मंजूर झाला. मध्य भारतातील आदिवासी बांधवांना हा विकार फार मोठ्या प्रमाणावर छळतो, हे लक्षात घेता या विद्येकडे पाठ फिरवून चालणार नाही, आणि डोळे मिटून तिच्यामागे जाणेही परवडणार नाही. 15 फेब्रुवारी 2023 रोजी वयाच्या 96 व्या वर्षी बर्ग यांचे निधन झाले.

वर्गात करून पाहण्याजोगे

शिक्षकांनी पुढील कृती विद्यार्थ्यांकडून अवश्य करून घ्यावी. दोन भिन्न रंगांच्या कागदी पट्ट्या घ्याव्यात. पहिल्या पट्टीच्या दोन्ही टोकांना ‘ॲ’ हे अक्षर चार वेळा लिहावे, दुसरीच्या दोन्ही टोकांना ‘थ’ चार वेळा. ‘ॲ’ ने फक्त ‘थ’ शीच जुळावे, असा नियम घालून द्यावा. एकाच पट्टीचे वर्तुळ करता येते काय, हे आधी मुलांना करून पाहू द्यावे. नंतर दोन्ही पट्ट्यांचे मिळून एक वर्तुळ करून सांधे डिंकाने चिकटवावेत. डिंक म्हणजे लायगेज, हे मुलांच्या ध्यानात आपोआप येईल.

त्यानंतर पुढील प्रश्नांवर चर्चा घडवून आणावी. फळझाडाचे कलम आणि जनुकाचे कलम यांत फरक कोणता? पोलॅक यांचा दूरध्वनी आल्यावर बर्ग यांच्या जागी आपण असतो, तर काय केले असते? आपल्या गावाजवळ अशी प्रयोगशाळा उभी राहणार असेल, तर ग्रामसभेत कोणते प्रश्न विचारले पाहिजेत? या प्रश्नांची उत्तरे शिक्षकांनी आधीच देऊ नयेत. सोफी वुल्फ बाईंनीही ती दिली नसती.